बोट निवडा ती नांगरावरच्या रात्रींसाठी

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. गेल्या काही वर्षांत त्या शिडाची बोट चालवायला शिकल्या. स्किपरशिवाय, म्हणजे कप्तानाशिवाय, बोट भाड्याने घेण्यासाठी, म्हणजे बेअरबोट चार्टरसाठी, लागणारं प्रमाणपत्रही त्यांनी मिळवलं. सराव मात्र बहुतेक २४ फुटी बोटीवर आणि दिवसाउजेडी. येत्या एप्रिलमध्ये घरच्या आठ जणांना घेऊन त्यांना आठवडाभर उष्णकटिबंधातल्या बेटांमध्ये फिरायचं आहे : त्या स्वतः, नवरा, ९ आणि १३ वर्षांची मुलं, दीर-जाऊ, त्यांची १७ वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई. कॅरिबियनमधली ब्रिटिश व्हर्जिन बेटं की हिंदी महासागरातलं सेशेल्स, हे ठरलेलं नाही. दोन बोटी नजरेत आहेत : एक ४५ फुटी, चार केबिनची, जरा जुनी मोनोहल (एका हलची, म्हणजे एकाच सांगाड्याची बोट), दुसरी ४२ फुटी नवी कॅटमरान (दोन हल शेजारी जोडलेली), भाडं जवळजवळ दुप्पट. दीर कॅटमरानच घ्या म्हणतात. ताईंना ती तरंगतं हॉटेल वाटते. नवऱ्याला बोट लागते. त्या विचारतात, "कॅटमरान घेतली तर खरं सेलिंग हातून जाईल का? आणि स्किपर घ्यावा लागला तर एवढं शिकून काय उपयोग?"

प्रिय ताई,

दोन्ही बोटींची लांबी, केबिन, भाडं, सगळं तुम्ही नेमकं लिहिलंत. आठ माणसांबद्दल मात्र पत्रात वयापलीकडे फारसं काही नाही, आणि बोट दिवसातले किती तास चालणार याचा उल्लेखच नाही. मला तिथूनच सुरुवात करायची आहे, कारण तुमचा निम्मा प्रश्न त्यातच सुटतो.

अशा सहलीत दिवसाला साधारण १५ ते २० सागरी मैल जायचं असतं. पाच-सहा नॉट (ताशी सागरी मैल) वेग धरला तर तीन-चार तास. रात्री बोट हाकायला चार्टरच्या करारात बहुधा मनाईच असते. उष्णकटिबंधात सूर्य सहा-साडेसहाला मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो, म्हणून दुपारी तीन-चारच्या आत मुक्काम गाठावा लागतो. उशीर झाला की बोट बांधायचे तरंगते बोये दुसऱ्यांनी घेतलेले असतात, आणि सूर्य खाली उतरला की पाण्याखालचं प्रवाळ दिसेनासं होतं. हिशोब केलात तर चोवीसातले वीस तास बोट उभी असते. त्या वीस तासांत आठ जणांनी जेवायचं, अंघोळी करायच्या, भांडी घासायची, पोहायला उतरायचं, रुसायचं आणि झोपायचं आहे. बोट निवडताना तुम्ही उरलेल्या चार तासांचा विचार केलात. मी आधी वीस तासांचा करीन.

नांगरावर उभी असलेली मोनोहल वाऱ्याकडे तोंड करून असते, पण समुद्राची लाट नेहमी वाऱ्याच्याच दिशेने येते असं नाही. खाडीच्या टोकाला वळसा घालून ती आडवी आली की बोट रात्रभर कुशीवर लोळत राहते. तरुण माणसाला त्यातही झोप लागते. गुडघे दुखणारी व्यक्ती रात्री दोनदा उठून टॉयलेटपर्यंत जाणार असेल तर तिच्यासाठी तो प्रत्येक फेरा म्हणजे कसरत. शिवाय मोनोहलच्या आत उतरायला खडी शिडी असते. कॅटमरानमध्ये बसायची खोली आणि मागचा कॉकपिट, म्हणजे बसायची उघडी जागा, एकाच पातळीवर असतात, केबिनकडे उतरायला तीन-चार पायऱ्या. जागेचा फरक आकड्यातच पाहा. ४५ फुटी मोनोहल जेमतेम साडेचार मीटर रुंद असते. लगून ४२ ही चार्टरमध्ये खूप दिसणारी कॅटमरान ७.७ मीटर रुंद आहे. आठ माणसं, त्यातली तीन वाढत्या वयाची, पावसाची सर येऊन सगळ्यांना एकदम आत यावं लागलं की हे तीन मीटर किती मोठे असतात ते कळतं.

केबिनचा हिशोबही पुन्हा करा. जाहिरातीत '८+२' लिहिलेलं असतं तेव्हा ते दोन म्हणजे बसायच्या खोलीतलं टेबल खाली करून केलेला बिछाना. तिथे झोपणाऱ्याला सगळे झोपेपर्यंत झोपता येत नाही आणि पहिला माणूस उठला की उठावं लागतं. तुमच्या घरात दोन जोडपी, सासूबाईंबरोबर मोठी नात, आणि दोघं मुलं अशा चार केबिन झाल्या. मग स्किपर आला तर त्याची झोपायची सोय कुठे? हा प्रश्न तुम्ही टाळलात, कारण स्किपर घ्यायचाच नाही हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय. त्याकडे येतेच.

त्याआधी तुमच्या मोनोहलच्या प्रेमाबद्दल. ते प्रेम खरं आहे आणि त्याला कारणं आहेत. वारा भरला की मोनोहल एका अंगावर कलते, सुकाणूतून पाण्याचा दाब हाताला कळतो, जास्त शीड लावलं तर बोट स्वतः सांगते : कलणं वाढतं, सुकाणू जड होतं, आणि तुम्ही शीड आखूड करता. तुम्ही हीच भाषा शिकलात. वाऱ्याच्या तोंडावर जाण्यातही ती सरस. चांगली मोनोहल वाऱ्याच्या दिशेपासून ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकते. चार्टरमधल्या कॅटमरानला आखूड, पक्क्या कील (तळाखालचे उभे पंखे) असतात, तिला ५५-६० अंश धरून चालावं लागतं. आकडा लहान दिसतो, पण समोरच्या बेटापर्यंत नागमोडी जाताना कापायचं अंतर त्याने बरंच वाढतं, आणि मग बहुतेक जण इंजिन सुरू करतात. तेव्हा वाऱ्यावर चढत जाण्याची मजा कॅटमरानमध्ये कमी होते, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पण 'तरंगतं हॉटेल' हे शब्द मागे घ्या असं मी प्रेमाने सांगेन, कारण त्या शब्दांत एक धोका आहे. कॅटमरान सोपी आहे असं त्यातून तुमच्याही नकळत गृहीत धरलं जातं. लगून ४२ रिकामी असतानाच सुमारे १२ टनांची आहे. तिच्या उंच बाजूंवर वारा बसतो, आणि धक्क्याला लावताना तो तिला ढकलत नेतो. दोन इंजिनं एकमेकांपासून लांब असल्यामुळे ती जागच्या जागी वळते, हे वरदान आहे. पण ते हाताला सवयीचं व्हायला सराव लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅटमरान कलत नाही. वारा वाढला तरी टेबलावरचा पेला हलत नाही, आणि शीड, दोर, डोलकाठी यांवर ताण मात्र चढत जातो. तिथे अंगाला जाणवेपर्यंत थांबायचं नसतं. वाऱ्याचा वेग मोजून, बोटीवरच्या तक्त्यात दिलेल्या आकड्यावर शीड आखूड करायचं असतं, पहिली रीफ, म्हणजे शीड आखूड करायची पहिली पायरी, बहुधा १८-२० नॉटच्या सुमाराला. तुमचं शिकणं मोनोहलवर झालंय, म्हणून ही गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. कॅटमरानवरही खरं सेलिंग असतं. तिथे अंगाच्या जाणिवेपेक्षा नजर आणि शिस्त जास्त लागते.

नवऱ्याला बोट लागते म्हणून कॅटमरान, असा दिरांचा युक्तिवाद असेल तर तो अर्धाच खरा आहे. ती कलत नाही, पण आखूड लाटांवर वाऱ्याकडे जाताना तिचे हेलकावे तुटक आणि झटक्यांचे असतात, दोन हलमधल्या पुलाखाली लाट धाडकन आपटते, आणि काहींना तेच जास्त बाधतं. बोट लागणाऱ्या माणसासाठी एक हल की दोन यापेक्षा पाणी कोणतं हे महत्त्वाचं. आडोशाचं पाणी, सकाळचे छोटे टप्पे, निघण्यापूर्वी डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, आणि आत मोबाइल बघत बसण्याऐवजी डोळे क्षितिजावर. जमलं तर सुकाणूच त्यांच्या हाती द्या. ज्याच्या हाती सुकाणू त्याला बोट कमी लागते, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

आता ते पाणी. तुमच्या पत्रात ठिकाण बोटीच्या नंतर येतं. मी क्रम उलटा करीन, कारण एप्रिलमध्ये ही दोन ठिकाणं अगदी वेगळी असतात.

सेशेल्समध्ये एप्रिल हा दोन मोसमांमधला काळ. वायव्येचे वारे संपलेले असतात, आग्नेयेचे अजून लागलेले नसतात. समुद्र शांत, पाणी नितळ, आणि वारा बरेचदा इतका मंद की भरलेली चार्टर बोट, कोणतीही असो, शिडावर हलणार नाही. रात्री हॅचमधून (छतातल्या झडपेतून) झुळूक यायची नाही, मग वातानुकूलनासाठी जनरेटर चालवावा लागेल. त्यातच माहे हे मुख्य बेट ते प्रालँ हा सुमारे २५ मैलांचा उघड्या समुद्राचा टप्पा आहे. प्रालँ आणि ला दिग जवळजवळ आहेत, ग्रॅनाइटच्या गोल खडकांचे ते किनारे जगात दुसरीकडे मिळायचे नाहीत. पण ज्यांना वाऱ्यावर चालायचंय त्यांच्यासाठी एप्रिल तिथला मोसम नाही. तुमच्या प्रश्नातली कळकळ पाहता, आठवडाभर इंजिनावर फिरून तुम्ही हिरमुसून परताल.

ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर एप्रिलमध्ये पूर्वेचे व्यापारी वारे असतात, डिसेंबर-जानेवारीतल्या जोराच्या वाऱ्यांपेक्षा जरा निवळलेले. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनलच्या दोन्ही बाजूंना बेटं आहेत, त्यामुळे वारा मिळतो आणि मोठी लाट अडते. पुढचा मुक्काम डोळ्यांना दिसत असतो. नॉर्मन आयलंड, कूपर, व्हर्जिन गोर्डा, योस्ट व्हान डाइक, यांतली अंतरं तासा-दोन तासांची किंवा फार तर अर्ध्या दिवसाची. बऱ्याच खाड्यांत मुरिंगचे बोये असल्यामुळे रोज नांगर टाकून 'धरलाय की नाही' या काळजीत रात्र काढावी लागत नाही. वाऱ्यावर चढायचा मोठा टप्पा, नॉर्मनकडून व्हर्जिन गोर्डाकडचा, सकाळी लवकर घ्या, म्हणजे परतीचा पश्चिमेकडचा प्रवास वारा पाठीशी घेऊन निवांत होतो. अनेगाडा मात्र या वेळी सोडा. ते प्रवाळाचं सपाट बेट समुद्रसपाटीपासून नऊ मीटरही वर येत नाही, जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि त्याच्या हॉर्सशू रीफवर शेकडो जहाजं फुटली आहेत. काही कंपन्या तिथे स्वतंत्रपणे जायला परवानगीच देत नाहीत.

एक बारीक पण विसरू नये अशी गोष्ट : कॅरिबियनमध्ये बंदरात शिरताना वाट दाखवणारा लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा असतो, सेशेल्ससह जगाच्या बहुतेक भागात तो डाव्या हाताला. तुम्ही कोणत्या पद्धतीत शिकलात? दुसऱ्या पद्धतीच्या पाण्यात जाणार असाल तर सुकाणूजवळ चिठ्ठी चिकटवा.

ज्यांच्या तारखा वेगळ्या आहेत अशा वाचकांसाठी थोडं. अटलांटिकचा हरिकेन मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्ट ते ऑक्टोबर सर्वांत धोक्याचे, पण सुरुवातही निर्धोक नसते : २०२४ मध्ये १ जुलैलाच बेरिल हे हरिकेन ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. सप्टेंबर २०१७ च्या इर्मा हरिकेनने व्हर्जिन बेटांवरचा चार्टर ताफा एका दिवसात उद्ध्वस्त केला होता. मुलांची सुट्टी जून-ऑगस्टमध्येच असेल तर ऑस्ट्रेलियातली व्हिटसंडे बेटं किंवा फ्रेंच पॉलिनेशियातली रायातेया-ताहाआची लगून, म्हणजे प्रवाळाच्या आडोशातलं पाणी, पाहा. दोन्ही ठिकाणी तेव्हा कोरडा मोसम असतो. व्हिटसंडेमध्ये बेअरबोटसाठी परवाना लागत नाही, पण भरती-ओहोटीत तीन-चार मीटरचा फरक पडतो, त्यामुळे नांगर टाकताना ते गणित करावंच लागतं. थायलंडच्या फुकेतजवळ नोव्हेंबर ते एप्रिल. आणि बहामाज किंवा बेलीजचं उथळ पाणी ज्यांना बघायचंय त्यांनी बोटीचा तळ पाण्यात किती खोल जातो हे आधी पाहावं. ४५ फुटी मोनोहलला दोन मीटरच्या आसपास पाणी लागतं, कॅटमरानला सव्वा. तिथे हा पाऊण मीटरच सगळं ठरवतो.

आता स्किपर.

"स्किपर घेतला तर शिकून काय उपयोग" हे वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. त्यात एक गृहीत आहे : बोट चालवणं म्हणजे एकटीने निभावणं. मला तुम्हाला वेगळाच प्रश्न विचारायचा आहे. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला, किंवा दोर ओढताना मनगट मुरगळलं, तर बोट मुक्कामाला कोण आणेल? नवऱ्याला बोट लागते. दीर उत्साही आहेत, पण त्यांनी सुकाणू धरल्याचं पत्रात कुठे नाही. आठ जणांच्या बोटीवर बोट आणू शकणारं माणूस एकच असणं, हा तुमच्या बेतातला सगळ्यात कच्चा दुवा आहे. हा प्रश्न कोणत्याही बोटीने सुटत नाही.

आणि एक घरगुती बाब. बोटीवर स्किपरचा शब्द शेवटचा असतो. वारा वाढलाय, आज तिकडे जायचं नाही, लाइफजॅकेट घाला, आत्ता डेकवर उभं राहू नका. हे सासूबाईंना, मोठ्या दिरांना, जावेला, चारचौघांत, कदाचित चढ्या आवाजात सांगावं लागेल. तुमच्या घरात ते किती सहज होईल, हे तुम्हीच जाणता. काही घरांत होतं. काही घरांत त्या एका 'खाली बसा हो' वरून पुढचे सहा दिवस अबोला राहतो. यात तुमची कुवत कमी आहे असं अजिबात नाही. वर्षानुवर्षं घट्ट झालेली नाती समुद्रावर गेल्याने एका दिवसात बदलत नाहीत. तिऱ्हाईत स्किपरने सांगितलेलं सगळे निमूट ऐकतात. घरच्यांशी त्यावरून झगडण्यात तुमची सुट्टी का घालवायची?

म्हणून माझी सूचना : पहिले तीन दिवस स्किपर घ्या, पण शिकवणारा. कंपनीला लिहितानाच स्पष्ट सांगा की सुकाणू, शिडं, बोया पकडणं, नांगर टाकणं हे सगळं मी करणार. स्किपरने शेजारी उभं राहून पाहायचं आणि चुकलं तर बोलायचं. तुमचा आजवरचा अनुभव पाहून अनेक कंपन्या पहिला दिवस-दोन दिवस स्किपर सक्तीचाच करतील, तेव्हा तो अपमान समजू नका. तिसऱ्या संध्याकाळी त्याने 'आता तुम्ही जा' म्हटलं तर उरलेले दिवस तुमचे. त्याने नकारार्थी मान हलवली तर त्याला आठवडाभर ठेवायची सोय बुकिंग करतानाच करून घ्या. एवढ्या काळात दिरांना आणि मोठ्या पुतणीला नांगराचा विंडलस (साखळी ओढणारं यंत्र), रेडिओवरची मदतीची हाक, इंजिन सुरू-बंद करणं आणि माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, एवढं शिकवून घ्या. १७ वर्षांची मुलगी हे सगळ्यात लवकर शिकेल, बघा.

त्याच्या झोपण्याची सोय : बऱ्याच चार्टर कॅटमरानमध्ये एका हलच्या अगदी पुढच्या टोकाला एक अरुंद केबिन असते, डेकवरच्या झाकणातून उतरायची. ती गरम असते, माणसाला रोज तिथे झोपवणं फारसं बरं नाही, पण तीन रात्रींसाठी पंखा आणि वारा असेल तर चालतं. बोट ठरवताना तिथे गादी, पंखा, दिवा आहे का ते विचारा. त्याचं जेवणखाणही तुमच्याकडे असतं. मोनोहलमध्ये त्याच्या वाट्याला बहुधा बसायच्या खोलीतला बाक येतो, म्हणजे आठ जणांच्या मध्ये नववा.

तेव्हा तुमच्यासाठी, या माणसांसाठी, या खेपेला माझं मत कॅटमरानला. दिरांचं बरोबर म्हणून नव्हे. ते बरोबर आहेत, पण कारण त्यांनी सांगितलं त्याहून वेगळं आहे.

पैशांचं काय? दुप्पट भाडं ही लहान गोष्ट नाही, आणि वर स्किपर. पण 'नवी कॅटमरान' यातल्या 'नवी' या शब्दाला मी इतकी किंमत देणार नाही. मोठ्या कंपन्यांचा ताफा बहुतेक असा चालतो : बोट कुणी खाजगी मालक विकत घेतो, पाच-सहा वर्षं कंपनीला चालवायला देतो, मग ती ताफ्याबाहेर जाते. त्यानंतर तीच बोट दुसऱ्या, छोट्या कंपनीकडे कमी भाड्यात मिळते. चांगली राखलेली सात वर्षांची कॅटमरान तुमच्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी बसेल. दरपत्रकातला पहिला आकडा पूर्ण खर्च नसतोच. अनामत किंवा तिच्याऐवजी घ्यायचा नुकसान-विमा, सफाई, इंधन, बोयांचं रात्रीचं भाडं, परवाने आणि स्थानिक कर, डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर न्यायच्या छोट्या होडीचं, इंजिन, चादरी-टॉवेल, स्किपरचा मेहनताना आणि बक्षिसी, सगळं एका कागदावर मांडून आठाने भागा आणि मग तुलना करा. नुकसान-विम्यात डिंगी, प्रोपेलर आणि फाटलेलं शीड धरलंय का हे वाचा, कारण नेमकं तेच वगळलेलं असतं अशी गाठ अनेकदा पडते. वादळामुळे जाता आलं नाही तर पैसे परत की पुढची तारीख, तेही.

कंपनीला मेल लिहाल तेव्हा 'अशा प्रकारची बोट' यावर समाधान मानू नका. याच बोटीचं नाव, बांधणीचं वर्ष, शिडं कधी बदलली, गेल्या मोसमातले आतले फोटो मागा. पाण्याची टाकी किती लिटरची ते विचारा, ३०० लिटरचीही असते आणि ८०० चीही. आठ माणसांनी काटकसरीने रोज वीस-वीस लिटर वापरलं तरी १६० झाले. ३०० ची टाकी दुसऱ्या दिवशी संपली. मग खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र हवं, किंवा वाटेत पाणी भरायला थांबावं लागेल. टॉयलेट हातपंपाचं की विजेचं, आणि किती? आठ जणांत दोन असतील तर सकाळ अवघड जाते, तीन हवीतच. व्हर्जिन बेटांवर एप्रिलमध्ये रात्री वारा वाहत असतो, हॅच उघडी ठेवली की झोप लागते. तिथे मी वातानुकूलनासाठी जादा पैसे देणार नाही, केबिनमधल्या पंख्यांसाठी मात्र आग्रह धरीन. सुकाणू वरच्या मजल्यावर असलेली बोट फोटोत देखणी दिसते. पण तिथून खालच्या माणसांचा आवाज ऐकू येत नाही आणि सासूबाई वर येऊ शकणार नाहीत, म्हणजे दिवसभर त्या खाली आणि तुम्ही वर. सुकाणू खालच्या कॉकपिटजवळ असलेली बोट घ्या.

सासूबाईंच्या बाबतीत खरी अडचण बोटीत चढण्याची नसून डिंगीत उतरण्याची आहे, आणि ती दोन्ही बोटींत आहे. हलत्या रबरी डिंगीतून वाळूवर उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. म्हणून जिथे डिंगीसाठी लाकडी धक्का आहे असे मुक्काम निवडा, आणि रोज बेटावर उतरलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. त्यांना जायचंय का, हेही कुणी विचारलंय का? पत्रात सगळ्यांची मतं आहेत, त्यांचं नाही. एखादीला नांगरलेल्या बोटीच्या सावलीत बसून नातवंडांना पोहताना पाहणं पुरेसं असतं. एखादीला आठवडाभर पाण्यावर राहणं शिक्षा वाटते, आणि ती भिडेपोटी बोलत नाही. जायचं नसेल किंवा मन साशंक असेल तर दुसरा मार्ग आहे : बेटावर घर घ्या आणि तीन-चार दिवस स्किपरसह दिवसापुरती बोट. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही, आणि मग कदाचित ती दिवसाची बोट मोनोहलच असू शकेल.

ज्या वाचकांचा गट लहान आहे, चार जण, सगळे चपळ, त्यांतल्या दोघांना बोट येते, त्यांना मी उलट सल्ला देईन : ३८-४० फुटी मोनोहल घ्या, निम्म्या पैशांत वारा पुरेपूर मिळेल. एकट्या-दुकट्यांनी केबिन चार्टर पाहावं, म्हणजे बोटीतली एक केबिन भाड्याने, चालवणारे त्यांचे. आणि पहिल्यांदाच स्वतः चालवणाऱ्यांनी फ्लोटिला, म्हणजे अनेक बोटी एका मार्गदर्शक बोटीबरोबर, हा पर्याय विसरू नये.

बोट ताब्यात घेताना घाई होऊ देऊ नका. विमानाने दमून आलेलं कुटुंब धक्क्यावर उभं असतं, मुलांना पोहायचं असतं, आणि कंपनीचा माणूस भराभर बोलत असतो. मुलांना कुणाबरोबर तरी लांब पाठवा. इंजिन सुरू करून थंड करणारं पाणी बाहेर पडतंय का पाहा, दोन्ही इंजिनांचं. शीड पूर्ण उघडून रीफचे दोर चालतात का ते पाहा. नांगर दोन मीटर खाली सोडून वर घ्या, आणि विंडलसचा विजेचा कटआउट कुठे आहे तो दाखवून घ्या. तो नेमका गरजेच्या वेळी उडतो. खोली दाखवणारं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की कीलच्या खालून, हे विचारल्याशिवाय निघू नका. मुलांच्या मापाची लाइफजॅकेट अंगात घालूनच पाहा. आधीचे ओरखडे व्हिडिओत टिपून ठेवा. आणि रात्री डिंगी पाण्यातच सोडायची नाही, वर उचलून साखळीने बांधायची. कॅरिबियनमध्ये चोरीला जाणाऱ्या वस्तूंत तिचा नंबर वरचा आहे.

राहिलं तुमचं मोनोहलचं प्रेम. ते या सहलीतून काढून टाका असं मी म्हणत नाही, फक्त आठ जणांच्या आठवड्यावर त्याचं ओझं टाकू नका. बोट ताब्यात घ्यायच्या आधी दोन दिवस तुम्ही आणि पुतणी लवकर पोहोचा, आणि शिकवणाऱ्या स्किपरसह ३५-४० फुटी मोनोहल घेऊन ड्रेक चॅनलमध्ये वाऱ्यावर चढा. तेच पाणी, तेच बोये, तेच किनारे तुमच्या ओळखीचे होतील, आणि बाकीचे येतील तेव्हा तुमच्याखेरीज बोटीवर दोर कुठला ओढायचा हे जाणणारी दुसरी व्यक्ती असेल. पुतणीला यात रस आहे का, हे या आठवड्यातच विचारा. तिने हो म्हटलं तर बुकिंगच्या मेलमध्ये दोन्ही बोटी एकाच कंपनीकडे मागा. एप्रिलच्या तारखांना पुढच्या टोकाला नीट केबिन असलेल्या कॅटमरान आधी जातात.